जोड्या लावा

भाचीच्या एम.एड.च्या प्रबंधाने महिनाभर माझी झोप उडवली होती, आणि गंमत म्हणजे त्यावर उतारा सापडला तो झोपेच्याच औषधांच्या एका जुन्या प्रयोगात.

तुम्ही म्हणाल, सत्तरी ओलांडलेल्या, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या बाईला संख्याशास्त्राशी काय देणेघेणे? खरे आहे. सरासरी, मध्यक, बहुलक यापुढे आमची मजल कधी गेली नाही. ‘काय-वर्ग चाचणी’ हे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा कुणीतरी मला प्रश्नच विचारतेय असे वाटले होते! पण भाचीचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. चौथीच्या अ तुकडीकडून तिने दोन महिने रोज अर्धा तास गोष्टी मोठ्याने वाचून घेतल्या. मूल मिनिटाला किती शब्द वाचते ते आधी मोजले, नंतर मोजले. आकडे संगणकात घातले तर उत्तर आले, ‘फरक लक्षणीय नाही’. तिचा चेहराच पडला. कारण असाच निष्कर्ष राहिला तर वाचनाचा तास बंद करून तिथे गणिताचा जादा तास घ्यायचा, असे शाळेत घाटत होते. कुणीतरी सल्लाही दिला, “दुसरी चाचणी लावून बघ. एखादीत ०.०५ च्या खाली येईलच.”

हा सल्ला मला झोंबला. पुस्तकामागचे उत्तर बघून गणित ‘जुळवणाऱ्या’ मुलांच्या वह्या मी आयुष्यभर तपासल्या आहेत. ओळखू येतात त्या.

मग मी वाचायला बसले. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात विल्यम गॉसेट नावाचा रसायनतज्ज्ञ होता. नोकरांनी स्वतःच्या नावाने शोधनिबंध छापू नयेत असा कंपनीचा दंडक, म्हणून १९०८ साली त्याने ‘स्टुडंट’ या नावाने लेख लिहिला. (विद्यार्थी म्हणवून घेणारा माणूस मला आवडलाच!) त्यात त्याने अमेरिकेतल्या कलामझू इथल्या मनोरुग्णालयातले आकडे घेतले. १० रुग्ण, दोन औषधे, प्रत्येकाला दोन्ही औषधे देऊन पाहिलेली. पहिल्याने सरासरी ०.७५ तास झोप वाढली, दुसऱ्याने २.३३ तास.

हे दोन वेगवेगळे गट मानून टी-चाचणी लावली, तर खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात सुमारे ८ येते. म्हणजे ०.०५ च्या वर, नापास. कारण माणसामाणसांतच केवढा फरक! एकाच औषधाने कुणाची झोप ३.७ तास वाढली, तर कुणाची १.६ तास घटली. त्या गोंधळात औषधातला फरक बुडून जातो. पण प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली, तर हीच शक्यता हजारात ३ वर उतरते. आकडे तेच, फक्त ‘जोड्या लावा’!

माझ्यासारखीला सूत्राशिवायही ते पटले. दहापैकी नऊ जणांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप लागली, एकाला दोन्हींनी सारखीच. उलटे एकही नाही. नाणे नऊ वेळा उडवून नऊही वेळा छापाच पडण्याची शक्यता ५१२ त १. काटाही धरला तरी २५६ त १.

भाचीने संगणकात नेमके ‘दोन स्वतंत्र गट’ निवडले होते. ती म्हणाली, “पण मावशी, आता जोडीची चाचणी लावली तर तीही लबाडीच ना?” नाही. दोन्ही रकान्यांत तेच मूल उभे आहे, हे उत्तर येण्याआधीही खरेच होते. चाचणी ठरते ती आकडे कसे गोळा झाले त्यावरून.

तिने जोड्या लावल्या, फरक लक्षणीय आला, ती नाचली. मला मात्र चैन पडेना. चौथीतले मूल दोन महिन्यांत तसेही पुढे सरकतेच की! हे वाचनामुळे झाले की वयामुळे? सुदैवाने ब तुकडीचीही वाचनगती शाळेने त्याच दिवसांत मोजली होती. त्या तुकडीला गोष्टींचा तास नव्हता. म्हणजे आता प्रत्येक मुलाची वाढ काढायची आणि अ ची वाढ ब च्या वाढीशी ताडायची. इथे मुले वेगळी, तेव्हा गट खरोखरच स्वतंत्र. अ मध्ये दोन मुलांनी एकदम उडी मारली आहे, ती सरासरी ओढून नेतील. म्हणून आकड्यांऐवजी त्यांचे क्रम लावून बघणारी, १९४७ सालची मान आणि व्हिटनी यांची चाचणी आम्ही निवडली. तुकड्या शाळेनेच पाडलेल्या, चिठ्ठ्या टाकून नव्हेत, हे दुबळेपण राहणारच. तेही प्रबंधात लिही म्हटले.

ब तुकडीचे आकडे शनिवारी हाती येतील. कोणती चाचणी लावायची ते तिने वहीत आधीच लिहून खाली तारीख घातली आहे. फरक नाही आला तरी तेच छापायचे, हेही ठरले आहे. तसे झाले तर मुख्याध्यापकांना काय सांगायचे, ते मात्र अजून ठरलेले नाही.