कार्ड आहे, पण यादीत नाव नाही



आपण शेतकरी माणसे सातबारा कसा डोळ्यांत तेल घालून वाचतो! नावातले एक अक्षर चुकले तरी तलाठ्याकडे हेलपाटे घालतो. मतदारयादी मात्र फारशी कोणी वाचत नाही. कपाटात कार्ड आहे ना, मग झाले, असे पुष्कळांना वाटते. ते किती फसवे आहे, हे मला आलेल्या अनुभवावरून सांगते.

आमचे गाव शेवगाव तालुक्यातले. २० नोव्हेंबर २०२४, बुधवार, विधानसभेचे मतदान होते. कपाशीची वेचणी ऐन भरात होती आणि मजूर मिळत नव्हते. तरी सकाळची वेचणी बाजूला ठेवून आम्ही घरातली चार माणसे शाळेत गेलो. मतदार चिठ्ठ्या तीनच आल्या होत्या. वाटणाऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, "काकू, तुमची राहिली असंल. कार्ड घेऊन या, काही अडचण नाही."

बायकांच्या रांगेत सव्वा तास उभी राहिले. पहिल्या टेबलापाशी कार्ड पुढे केले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी यादीवरून दोनदा बोट फिरवले आणि म्हणाले, "मावशी, तुमचं नाव वगळलेलं आहे."

"अहो, मे महिन्यात लोकसभेला ह्याच खोलीत मत दिलंय मी!"

"दिलं असेल मावशी. पण आता यादीत नाही. माझ्या हातात काही नाही."

मी केंद्राध्यक्षांकडे गेले. तिथे बसलेले निरनिराळ्या पक्षांचे प्रतिनिधी सारे गावचेच. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे, पण त्या वेळी एका सुरात म्हणाले, "साहेब, ह्या आपल्या काकूच आहेत." उपयोग झाला नाही. केंद्राध्यक्ष बिचारे नरमाईने बोलले, पण नियमापुढे त्यांचेही काही चालत नव्हते. ह्या गावात नांदायला येऊन मला एकतीस वर्षे झाली. सुनालेकींच्या रांगेसमोरून बोटाला शाई न लावता परत फिरताना मान खाली गेली. चूक माझी नव्हती, तरी लाज मला वाटली!

मागाहून चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. गावात माझ्याच नावाची आणि आडनावाची आणखी एक बाई होती. ती मुलाकडे पुण्याला राहायला गेली. तिचे नाव कमी करायचे, ते माझे कमी झाले. नवऱ्याचे नाव आणि वय ताडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. गाव सोडले म्हणून एखाद्याचे नाव काढायचे असेल, तर आधी त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. माझ्याकडे ना नोटीस आली, ना माणूस.

भगिनींनो, यादीत बायकांचे नाव हरवणे आजचे नाही. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा कित्येक बायांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई अशीच ओळख सांगितली. त्यापायी सुमारे २८ लाख बायांची नावे यादीबाहेर राहिली. आज आपण नाव सांगतो, पण लग्नानंतर नाव, आडनाव, गाव सारेच बदलते, आणि तिथेच घोळ होतो. माहेरच्या यादीतून नाव निघते आणि सासरच्या यादीत चढतच नाही.

दुसरा घोळ ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. शेवगाव-पाथर्डीकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. घराला कुलूप दिसले की ‘स्थलांतरित’ असा शेरा पडण्याची भीती असते. पण काही काळ बाहेर गेल्याने माणूस गावचा रहिवासी राहत नाही असे होत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिले आहे. शेजाऱ्यांनी एवढे जरी सांगितले, तरी एखाद्याचे मत वाचेल.

आता कामाचे सांगते. कार्ड ही फक्त ओळख. मताचा हक्क यादीवर चालतो. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते, मग कोणी काही करू शकत नाही. म्हणून निवडणुकीची हवा सुरू होण्याआधीच यादी पाहावी. गावासाठी नेमलेल्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे, ती पाहायला मिळते. १९५० ह्या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. नाव नसेल तर नमुना ६ भरावा, चूक असेल किंवा पत्ता बदलला असेल तर नमुना ८. नमुना ७ नाव वगळण्याचा, तो नीट वाचूनच भरावा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नये.

आणखी एक. यादीत नाव आहे, पण आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले, असे कळले तर मुकाट्याने घरी येऊ नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका मागा. ओळख पटली की कागदावर मत देता येते. माझे नावच यादीत नव्हते, म्हणून मला तोही मार्ग नव्हता.

एका मताने काय होते, असे म्हणू नका. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने पडले. ग्रामपंचायतीत तर समान मते पडून चिठ्ठी टाकायची वेळ येते. आणि ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्याच यादीवरून निघते. एकीकडून गेलात की दुसरीकडूनही गेलात!

मी नमुना ६ भरला, पोच जपून ठेवली, आणि आता नाव पुन्हा यादीत आले आहे. हुकलेले मत मात्र परत मिळायचे नाही. तुमचे तसे होऊ नये म्हणून हे लिहिले. घरातल्या प्रत्येकाचे नाव यादीत पाहा, आणि शेजारची म्हातारी वाचू शकत नसेल तर तिचेही पाहून द्या.