सबमिशन चालू आहे, १९४८ पासून

आपल्याकडे जर्नल तीन दिवस उशिरा दिलं की ओरल्सला काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते हॉस्टेलवर कुणाला सांगायला नको. पुण्यात येरवड्याजवळ मात्र एक काम १९४८ साली सुरू झालंय, त्याचे तीसहून जास्त खंड छापून झालेत आणि गाडी अजून 'अ'वरच आहे! 'आ' यायचाय. आणि तिथली माणसं रोज वेळेवर येऊन अगदी शांतपणे पुढचा शब्द घेतात. एचओडी नाहीत का त्यांना?

तर ही जागा म्हणजे डेक्कन कॉलेज. (डेक्कन जिमखान्यावर उतरू नका, ते पार दुसऱ्या टोकाला राहिलं.) आमच्या मिनी प्रोजेक्टला मराठी मजकूर हवा होता, कॉम्प्युटरला शिकवायला. सर म्हणाले, नेटवरून वाट्टेल ते उचलण्याआधी एकदा तिथे जाऊन या, मराठी मजकूर कसा गोळा करतात ते त्यांना विचारा. मी आणि माझी पार्टनर, दोघीही कॉन्व्हेंटच्या. मराठी आम्हाला दहावीपर्यंत थर्ड लँग्वेज. शाळेच्या आवारात मराठी वाक्य तोंडातून निघालं तर एक रुपया दंड होता आणि तो गोळा करायला मॉनिटर होती. त्यामुळे भाषेच्या संस्थेत जायचं म्हणजे पोटात थोडा गोळाच होता.

मला वाटलेलं की ही संस्था फार तर आजोबांच्या वयाची असेल. निघाली १८२१ सालची. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, ती ही. पुढे १८५१ मध्ये तिचं पूना कॉलेज झालं, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज, आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून आजची दगडी इमारत उभी राहिली. टिळक-आगरकरांची ओळख इथलीच. हॉस्टेलमधली टिळकांची खोली अजून जपून ठेवलीय. माझ्या मनात पहिला विचार आला की आपल्या विंगमधली कुठली खोली जपण्यासारखी आहे? पण ते असो.

मला सगळ्यात भारी वाटली ती मधली गोष्ट. १९३४ साली सरकारने हे कॉलेज बंदच केलं. पैसे वाचवायचे होते. आणि माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले! त्या खटपटीतून १७ ऑगस्ट १९३९ ला ते परत उघडलं, आता पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. इरावती कर्वे समाजशास्त्राला, सांकलिया पुरातत्त्वाला आणि भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे. आपण माजी विद्यार्थी झाल्यावर फार तर गेट-टुगेदरला येऊन फोटो काढतो.

कत्रे १९४२ ते १९७१ संचालक होते. संस्कृत कोशाची कल्पना त्यांची. ऋग्वेदापासून जवळजवळ ब्रिटिश काळापर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ घ्यायचे, त्यातला शब्द कुठे, कुठल्या वाक्यात, कुठल्या अर्थाने आला ते एकेका चिठ्ठीवर उतरवायचं आणि चिठ्ठ्या अक्षरवार लावायच्या. अशा चिठ्ठ्या जवळपास एक कोटी झाल्या. एक कोटी, हाताने! पार्टनरने लगेच मोबाईलवर हिशोब केला की एवढा डेटा पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल. मावेल की. पण आधी कुणीतरी ग्रंथ वाचायला हवा ना, आणि या वाक्यात 'अग्नि' म्हणजे नुसती आग की देव, हे ठरवायला हवं. चिठ्ठ्या गोळा करण्यातच वीस-पंचवीस वर्षं गेली. छापील पहिला भाग आला १९७६ मध्ये, संपादक डॉ. अ. मा. घाटगे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरीकडे १९५४ पासून रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने इथे भाषाशास्त्राच्या शाळा भरायला लागल्या. जॉन गम्पर्झ, गॉर्डन फेअरबँक्स असे अमेरिकेतले लोक येऊन शिकवायचे आणि देशभरातले भाषांचे प्राध्यापक विद्यार्थी होऊन बाकावर बसायचे. तोपर्यंत आपल्याकडे भाषेचा अभ्यास म्हणजे बहुतेक जुन्या ग्रंथांचा अभ्यास. आता चालतं-बोलतं माणूस समोर बसवून त्याचे उच्चार टिपायचे, हे नवीन होतं. पुढे १९६९ मध्ये केंद्र सरकारने म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान काढलं, देबीप्रसन्न पट्टनायक त्याचे पहिले संचालक. त्या संस्थानाचं पश्चिम विभागाचं केंद्र डेक्कन कॉलेजच्याच आवारात आहे. तिथे परराज्यातले शिक्षक दहा महिने राहून मराठी, गुजराती नाहीतर सिंधी शिकतात. आम्हाला चहाच्या टपरीवर ओडिशाचे एक सर भेटले. त्यांनी मला सरळ विचारलं, "मी पोळी खाते, पण मी पोळी खाल्ली. असं का?" आता आली का पंचाईत! मी म्हटलं, सर, आम्ही फक्त खातो.

आमच्या कामाचं म्हणाल तर, १९९१ मध्ये सरकारी योजनेतून भारतीय भाषांचे मजकूर कॉम्प्युटरवर आणायला सुरुवात झाली, तेव्हा मराठी आणि गुजराती इथेच आलं होतं. कादंबऱ्या किती, वर्तमानपत्रं किती, विज्ञान किती, याचं प्रमाण ठरवून. आम्ही वहीत भराभर लिहून घेतलं. प्रोजेक्टचं काम तिथेच झालं खरं.

पण मी लायब्ररीत अडकले. एका फळीवर पातळ पुस्तकांची रांग होती, मराठीच्या बोलींची पाहणी, १९६०च्या दशकातली, राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढलेली. ठाण्याची वारली, महाडची कुणबी, आणि एकावर 'कुडाळी', १९६५. लेखक तेच, घाटगे. एका हाताने संस्कृत-प्राकृत आणि दुसऱ्या हाताने कुडाळच्या घराघरातलं बोलणं.

माझी आजी कुडाळजवळची. वय ८४. मी पहिलीत गेल्यावर बाबांनी तिला सांगितलेलं, पोरीशी शुद्ध मराठीत बोल, तिचं इंग्लिश बिघडेल. (बोलीने इंग्लिश कसं बिघडतं ते मला अजून कळलेलं नाही.) तेव्हापासून ती शेजारणीशी 'माका-तुका' करते आणि माझ्याकडे वळली की 'मला-तुला'. मधेच शब्द अडला तर गप्प बसते. मी इतकी वर्षं समजत होते की आजी मुळातच कमी बोलते.

पुस्तकात तिच्या भाषेचं रीतसर व्याकरण होतं. क्रियापदांचे तक्ते, विभक्ती, माणसांनी सांगितलेल्या गोष्टी. आपल्या थर्मोच्या पुस्तकासारखं सगळं टेबलात! मी चार पानांचे फोटो काढले आणि रात्री गॅलरीत रेंज येते त्या कोपऱ्यात उभं राहून आजीला फोनवर वाचून दाखवलं. माझा उच्चार अगदी दिव्य. आधी ती हसत सुटली. मग म्हणाली, "ह्या कोणी लिवल्यान गे?" मग म्हणाली, परत वाच. तिसऱ्या वाक्याला तिने मला थांबवलं, आमच्या वाडीत असं म्हणत नाहीत, ते पलीकडच्या गावचे म्हणतात. पाऊण तास बोलत होती. माझा बॅलन्स नाही, बॅटरी संपली.

डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर २०१७ च्या सुमारास बोलींची नवीन पाहणी हाती घेतलीय. गावोगाव जाऊन लोकांना वस्तूंची, नात्यांची नावं विचारायची, गोष्ट सांगायला लावायची आणि सगळं रेकॉर्ड करायचं. म्हणजे साठ वर्षांपूर्वीचं कागदावरचं आणि आत्ताचं आवाजातलं, दोन्ही शेजारी ठेवून बघता येईल, काय टिकलं आणि काय गेलं.

आमचा प्रोग्रॅम सध्या 'माका' दिसलं की खाली लाल रेघ मारतो. पार्टनर म्हणते, मजकुरातून काढून टाकू, अ‍ॅक्युरसी वाढेल. मी काढू दिलेलं नाही, आमचं त्यावर दोन दिवस वाजलंय. दिवाळीत कुडाळला जाताना रेकॉर्डर आणि शंभर शब्दांची यादी नेणार आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.