दप्तराबाहेरचे पक्षी

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या फाट्यांनी भिजलेल्या पापनाशम या तालुक्याच्या गावी माझ्या कारकुनीचा बहुतेक काळ गेला. आणि जमिनीचे पट्टे व पिकांच्या नोंदींचे अडंगल यांच्या नकला करता करता, बाद झालेल्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर पक्षी काढण्याचा नाद मला केव्हा जडला, हे आज नीटसे सांगता यावयाचे नाही. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मला लाभले नाही. गुरू म्हणावा तर तो भातखाचरात एका पायावर उभा राही, आणि शंका विचारावयास जवळ गेले की उडून जाई.

हा गुरू म्हणजे उघड्या चोचीचा करकोचा; इकडचे शेतकरी त्याला नत्तैकुत्ति नारै म्हणतात. त्याची चोच मिटली तरी मध्ये फट उरते, आणि त्या फटीची वक्रता कागदावर उतरेना म्हणून मी कित्येक सकाळी बांधावर काढल्या. पिलांच्या चोचीला ही फट नसतेच, ती वयाबरोबर पडते. आणि मोठी गोगलगाय सापडली की हा पक्षी तिचा शंख फोडीत बसत नाही, तर चोचीचे टोक आत सारून मांस अलगद सोडवून घेतो. पाहण्याची इतकी सक्ती कुंचल्यावाचून दुसरे कोणी करीत असेल असे मला वाटत नाही.

घरी आत्याबाई म्हणत, "सरफोजी महाराजांनीसुद्धा पाखरं काढवून घेतली होती रे, तू काढलीस तर काय बिघडलं?" तंजावरच्या या महाराजांनी पशुपक्ष्यांची आणि वनस्पतींची चित्रे चितारून घेतली हे खरेच, पण ते राजाचे कुतूहल. माझा आदर्श मद्रासचे एम. कृष्णन. घोरपड्यांच्या संडूर संस्थानात शिक्षकापासून न्यायाधीशापर्यंत नाना हुद्दे सांभाळलेल्या या गृहस्थांनी १९५० पासून १९९६ साली देहावसान होईपर्यंत 'स्टेट्समन' पत्रात निसर्गाचे सदर लिहिले, आणि त्यासाठी रेखाचित्रेही स्वतःच काढली. जलरंग त्यांनी वनस्पतिशास्त्राच्या आपल्या प्राध्यापकांच्या पत्नीकडून शिकून घेतले. बाकी सारे रानाकडून.

कारकुनाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: दप्तरी ज्याचे नाव नाही, त्याची फिर्याद कोणी ऐकत नाही. सरफोजी महाराज गादीवर आले त्याच १७९८ च्या सुमारास वेडंतांगल या गावच्या लोकांनी, गोऱ्या शिपायांनी तळ्यातले पक्षी मारल्यामुळे संतापून, चेंगलपट्टूच्या कलेक्टराकडून त्या पक्ष्यांच्या रक्षणाचा हुकूम मिळविला, आणि पक्ष्यांचे नाव दप्तरी लागले. पक्ष्यांच्या विष्ठेने सकस झालेले तळ्याचे पाणी शेतांना मिळे, हा त्यातला त्यांचा व्यवहार. तो मला मुळीच कमीपणाचा वाटत नाही. हे कळले तेव्हापासून माझ्या प्रत्येक चित्राखाली स्थळ, झाड, दिवस आणि घरट्यांची संख्या यांचा शेरा मी मारू लागलो.

एका वर्षी जवळच्या खेड्यातील एका शेतकऱ्याने बांधावरच्या आपल्या दोन चिंचा तै महिन्यात, म्हणजे सांबा हंगामाचे भात घरात येताच, तोडून विकण्याचा बेत केला. झाडे त्याच्या मालकीची होती. त्या चिंचांवर करकोच्यांची घरटी होती. मी मागल्या हंगामांतील चित्रांची चवड घेऊन त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि एकेक कागद त्याच्यापुढे ठेवला. दया दाखवा असे काही मी म्हणालो नाही. त्याच्या रोपांवर जगणाऱ्या गोगलगाई किती खाल्ल्या जातात, एवढेच बोललो. तो पुष्कळ वेळ पिलांच्या चोची न्याहाळीत राहिला. मग, "ऐया, दोन महिने, पंगुनीपर्यंत थांबतो, पोरं उडून जाऊ देत," असे म्हणाला, आणि त्यांतले एक चित्र मागून घेऊन त्याखाली आपल्या शेताचा सर्व्हे नंबर घालून देण्यास त्याने मला सांगितले.