शब्दांचे सांधे

परभाषेतला लांबलचक शब्द दिसला की माणूस उगीचच दबकतो. डच भाषेत तर असे शब्द पावलोपावली भेटतात. ‘आर्बाइट्सऑनखस्खिक्टहाइट्सफरझेकरिंग’ हा त्यांतलाच एक. रोमन लिपीत अक्षरे ३३ आणि उच्चाराचे अवयव १०! फाटकाशी उभे राहून मालगाडीचे डबे मोजावेत, तसा तो वाचावा लागतो.

पण मालगाडीसारखाच तो जोडलेलाही आहे. ‘आर्बाइट’ म्हणजे काम, ‘ऑनखस्खिक्टहाइट’ म्हणजे असमर्थता आणि ‘फरझेकरिंग’ म्हणजे विमा. मधले दोन ‘स’ नुसत्या कड्या. त्यांना स्वतंत्र अर्थ नाही. विग्रह काय झाला? काम करण्याच्या असमर्थतेबद्दलचा विमा. चक्क तत्पुरुष! तिथेही शेवटचे पद घरधनी; शब्दाचे लिंगसुद्धा त्याच्यावरूनच ठरते. ‘झीकनहाउस’ म्हणजे आजाऱ्यांचे घर. आपले रुग्णालय दुसरे काय आहे? हातमोज्याला मात्र ते ‘हांतस्खून’ म्हणतात, म्हणजे हाताचा जोडा. आपण हातात मोजा घालतो, ते जोडा घालतात, एवढाच काय तो फरक!

खरी परीक्षा असते ती ओळ संपताना शब्द तोडण्याची. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते, हा तिथला साधा नियम. पण समासाच्या सांध्यापाशी तो थांबतो. ‘आफोंट’ म्हणजे संध्याकाळ, ‘एटन’ म्हणजे जेवण. रात्रीच्या जेवणाचा हा शब्द तोडायचा तो या दोघांच्या मध्येच. सांधा चुकला की अनर्थ! ‘फाल्काउल’ हा शब्द ‘फाल-काउल’ असा तोडला तर तो फसवा खड्डा होतो. ‘फाल्क-आउल’ असा तोडला तर ससाणा आणि घुबड समोर येऊन बसतात. ‘क्वार्टस्लाखन’ एका तोडीने पाव फेरे होतात, दुसऱ्या तोडीने गारगोटीचे थर.

आपल्याला हे नवे नाही. ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला आणि इंद्राला मारायला निघालेला वृत्रच मारला गेला, ही कथा आपले वैयाकरण शतकानुशतके सांगत आले आहेत.

माझी भाची नोकरीनिमित्त हॉलंडात असते. विम्याच्या कागदावरचे असले शब्द ती आता शेपटाकडून वाचते: आधी ‘विमा’, मग कशाचा ते. वरचा ३३ अक्षरी शब्द काही गमतीसाठी घडवलेला नाही. १९६७ साली तिथे अंमलात आलेल्या एका कायद्याच्या नावातच तो होता. दुखण्याने हातातले काम सुटलेल्या माणसाचा आधार त्या शब्दात दडलेला. तो उकलला नाही तर हक्क असूनही दाराबाहेरच उभे राहायचे!

समासाचा विग्रह वर्गात दोन गुणांपुरता उरला आहे. पण आपल्याकडच्याही सरकारी कागदांतले लांब शब्द पाहिले म्हणजे वाटते, ही विद्या परीक्षेपेक्षा संसारातच अधिक उपयोगी पडावी. शब्द कितीही लांब असो, तो कुणीतरी जोडलेला असतो. आणि जोडलेले सारे धीराने उकलता येते.