माघातली वाडी

वसंत ऋतूची वर्णने तुम्ही पुस्तकांतून पुष्कळ वाचली असतील. कोवळी पालवी, आंब्याचा मोहोर, कोकिळाचे कूजन आणि चहूकडे आनंदीआनंद! आमच्या मुरुडलाही हे सारे आहे. परंतु ज्याच्या घरामागे नारळी-पोफळींची वाडी आहे, त्याला वसंताची चाहूल निराळ्याच रीतीने लागते. रथसप्तमी उलटते, पहाटेचे दव उणे होऊ लागते, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे गार मतलई वारे मंदावतात. आणि वाडीवाला अडगळीतून कुदळ बाहेर काढतो. वसंताच्या पाठीशी उन्हाळा उभा आहे, हे त्याला ठाऊक असते. मृगाच्या पावसाला अजून चार महिने असतात.

मुरुडला वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. एवढा पाऊस पडणाऱ्या गावाने पाण्याची चिंता करावी, याचे परगावच्या पाहुण्यांना नवल वाटते. पण तो पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो, आणि समुद्रालगतच्या आमच्या वाडीची जमीन रेताड. चाळणीत ओतलेले पाणी जितके राहील, तितकेच तिच्यात राहते. म्हणून माघ महिन्यातले पहिले काम म्हणजे आळी करणे.

आळे म्हणजे झाडाभोवतीचा पाणी धरून ठेवणारा गोल उथळ खळगा. मोठ्या नारळाचे आळे खोडापासून पाच-सहा फुटांपर्यंत पसरते. पोफळीचे त्याच्या निम्म्याहून लहान. दिसायला काम सोपे, पण हात मोजून चालवावा लागतो. या झाडांना आंब्यासारखे खोल जाणारे सोटमूळ नसते. दोरखंडाच्या पेडांसारखी असंख्य मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात. कुदळ जोराने घातली, की झाडाचे तोंडच तोडल्यासारखे होते. त्यामुळे माती नुसती हलवावयाची आणि कडेला बांध घालावयाचा.

मग खताचा खड्डा उपसतो. मुलांना वाडीतले हे काम सर्वांत आवडते, कारण शेणखताच्या ढिगात बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या सापडतात. या गेंड्या भुंग्याच्या अळ्या. त्यांचा भुंगा झाला, की तो नारळाच्या शेंड्यातला कोवळा गाभा पोखरतो. पुढे त्या झाडाची नवी झावळी उलगडते ती कात्रीने कातरल्यासारखी. म्हणून खत चाळून, अळ्या वेचूनच आळ्यात घालावयाचे. वेचलेल्या अळ्यांकडे भारद्वाज कुंपणावरून टक लावून बसलेला असतो. त्याला आमंत्रण द्यावे लागत नाही.

खतावर नारळाची सोडणे रचतात. सोडण म्हणजे नारळाचे वरचे तंतुमय साल. त्याचा खोलगट भाग वर ठेवला, की पाणी त्यात थांबते आणि काथ्या ते स्पंजासारखे धरून ठेवतो. सोडणांवर पातेरा, म्हणजे वाळलेला पाला. वालाच्या शेंगा खुडून झाल्यावर उपटलेले वेलही आम्ही येथेच पसरतो. मात्र पातेऱ्यावरून दर वर्षी शेजारच्या काकांशी माझी गोड तक्रार होते. त्यांची भातशेती आहे. भाताची रोपे ज्या वाफ्यात करावयाची, तो वाफा आमच्याकडे उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. त्यामुळे काकांनाही पातेरा हवा, मलाही हवा, आणि दोन्ही घरांच्या सीमेवरचा फणस पाने गाळतो ती वाऱ्याच्या मर्जीने! "मास्तर, तुमच्या कुंपणाकडे यंदा वारा फार वाहिला," असे काका हसत म्हणतात. शेवटी टोपल्या मोजून समान वाटणी होते.

ही सारी खटाटोप पूर्वीही करीत होतो, परंतु तिला खरी निकड आली ती 2020 नंतर. त्या वर्षी 3 जूनच्या दुपारी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. आपल्या भागातल्या समुद्रांवरील वादळांना भोवतालचे देश आळीपाळीने नावे देतात. हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंतच्या कितीतरी वाड्या त्या एका दुपारी आडव्या झाल्या. आमच्या वाडीत साठांवर पोफळी होत्या. वारा थांबल्यावर मोजल्या, तर अकरा उभ्या होत्या. त्यांतल्या बहुतेक माझ्या आजोबांच्या आणि वडिलांच्या हातच्या. घराच्या मागल्या दारातून पूर्वी कधी समुद्र दिसत नसे. त्या संध्याकाळी तो उघडाबोडका समोर दिसला.

आमचा आंबाही त्या दिवशी मोडला होता, पण पुढच्या वर्षी त्याच्या खोडाला धुमारे फुटले. पोफळीला ती सोय नाही. नारळ काय किंवा पोफळ काय, त्यांना वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. शेंडा तुटला, की खोड उभे असले तरी झाड गेले. म्हणून सारे पुन्हा बियांपासून आरंभावे लागले. उरलेल्या अकरा झाडांची पिकली फळे आम्ही पाण्याच्या पिंपात सोडली. जी देठाची बाजू वर करून उभी तरंगली, ती रुजवण्यासाठी निवडली; अशा फळांची रोपे जोमदार निघतात, ही वाडीवाल्यांची जुनी पारख. त्यांतून 2022 च्या पावसाळ्यात पंचावन्न रोपे वाडीत लावली.

पोफळीचे रोप मोठे नाजूक. त्याला पाणी हवे, पण साचलेले नको. उजेड हवा, पण दुपारचे ऊन नको. त्याच्या दक्षिणेस आणि पश्चिमेस आम्ही केळी लावल्या आहेत. जेथे केळीची सावली पुरत नाही, तेथे झावळ्यांचा आडोसा करतो. मोठ्या झाडाचे उघडे खोडसुद्धा पश्चिमेच्या उन्हाने भाजते, मग तडकते. अशा खोडावर आम्ही पोफळीचीच विरी बांधतो. विरी म्हणजे पानाच्या बुडाचा रुंद, चामड्यासारखा भाग. गळून पडलेल्या विरीने त्याच झाडाचे ऊन अडवावे, ही युक्ती माझ्या आजीची.

गेल्या तीन उन्हाळ्यांत पंचावन्नपैकी तेरा रोपे गेली. माझी नात चौथीत आहे. तिने माझ्या जुन्या हजेरीपटासारखी एक वही केली असून रोज सायंकाळी ती बेचाळीस नावे पुकारते. म्हणजे क्रमांक पुकारते, आणि मी रोपापाशी उभा राहून "हजर" म्हणतो. चाळीस वर्षे हजेरी घेतली, आता देतो आहे. सव्विसावा क्रमांक नेहमीच अशक्त. त्याचे जुने पान पिवळे पडले, की ती माझ्याकडे संशयाने पाहते.

सर्वांत जपावे लागते ते विहिरीला. आमच्याकडे जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे हलके, खारे जड. विहिरीतून गोडे पाणी फार भरभर उपसले, की खालचे खारे वर चढते. नारळ थोडा खारटपणा सोसतो. पोफळ सोसत नाही. माझ्या लहानपणी विहिरीवर रहाट होता. बैल दमे, तेव्हा त्याला सोडावे लागे, आणि तेवढ्यात विहिरीत पाणी पुन्हा भरून येई. विजेचा पंप दमत नाही. म्हणून आता घड्याळ लावून सकाळी अर्धा तास आणि सायंकाळी अर्धा तास एवढेच शिंपण करतो. फाल्गुन लागला, की आजोबा रोज सकाळी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन पाहत, मीही पाहतो. अजून तरी ते गोड आहे.

आज सत्तावीस आळी पुरी झाली, पंधरा व्हावयाची आहेत. काकांकडून पातेऱ्याच्या चार टोपल्या येणे आहे. सव्विसाव्या रोपाला कालच झावळीचा नवा आडोसा केला. त्याच्या शेंड्यात एक हिरवी सुई वर आलेली आहे. ती उलगडायला अजून काही दिवस लागतील.