साहित्य, कृती, निरीक्षण

धाकटा भाऊ बारामतीला इंजिनिअरिंगला आहे. आमच्या घरातला पहिलाच. मी नववीत शाळा सोडून इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात लागलो. कविता लिहितो, पण भाकर रात्रपाळी देते.

परवा तो जर्नल घेऊन घरी आला. जर्नल इंग्रजीत, पण सांगाडा शाळेतलाच : हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. इथं साहित्य म्हणजे टाकी, भोकाची चकती, स्टॉपवॉच.

प्रयोग असा. टाकीच्या भोकातून पाणी सोडायचं, खालच्या टाकीत ठराविक वेळ धरून मोजायचं. हिशोबानं यायला हवं त्याच्या किती पट खरोखर आलं, तो आकडा काढायचा. त्याच्या पानावर ०.६२. खाली खोडल्याची खूण.

"दादा, माझं ०.५४ आलतं. पुस्तकात ०.६२ हाय. मागच्या वर्षीच्या जर्नलातनं उतरवलं. न्हायतर सबमिशन परत येतं."

"पण ०.५४ का आलं?"

"खालच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता."

माझ्या पोटात गोळा आला.

मित्रांनो, असला व्हॉल्व्ह माझ्या ओळखीचा आहे. गेल्या हंगामात वाफेच्या लाईनीचा एक व्हॉल्व्ह बंद केला तरी पास व्हायचा. आठ रात्री मी त्याची सूं सूं ऐकली. रजिस्टरात लिहिलं 'ठीक'. पुढच्या तासाला 'वरीलप्रमाणे'. साहेबाला तेच बरं वाटायचं. नवव्या दिवशी आमच्याच वस्तीतल्या फिटरनं तो व्हॉल्व्ह बंद करून जॉइंट खोलला. कोपरापर्यंत कातडं गेलं. चौकशीत रजिस्टर काढलं. व्हॉल्व्ह आठ दिवस ठीक, म्हणजे फिटरनंच नीट बंद केला नाही. निष्काळजी! माझं अक्षर माझ्याच माणसाविरुद्ध साक्षीला उभं राहिलं. मी खरं सांगितलं. पण कागदापुढं तोंडी बोलणं कोण ऐकतो?

मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. पगार तिथंच जास्त. का घेत नसत? कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, त्याला अस्पृश्याची थुंकी लागेल म्हणून. ते दार उघडा, ही मागणी बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात पुढाऱ्यांपुढं ठेवली. नुसतं 'अन्याय होतो' म्हटलं की ऐकणारा मान हलवून मोकळा. धोटा, धागा, तोंड असं क्रमानं सांगितलं की त्याला सुटायला जागा राहत नाही. रिपोर्ट म्हणतात तो हाच.

मी भावाला म्हटलं, पान फाड. ०.५४ लिही. व्हॉल्व्ह गळतो तेही लिही. पुढच्या वेळी टाकी भरून वरचं पाणी बंद कर, पाच मिनिटांत पातळी किती उतरते ते मोज, तेवढं हिशोबात धर. पाहिलं ते निरीक्षणात, वाटलं ते अनुमानात. दोन्हींची खिचडी नको. तुझं पान वाचून परक्या माणसाला तोच प्रयोग करता आला पाहिजे.

"आन् मार्क कापले तर?"

ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तरी त्यानं पान फाडलं.

रात्री पाळीवर रजिस्टर उघडलं. लिहिलं : २ वाजून ४० मिनिटं. पंपाच्या बेअरिंगला आवाज. हात ठेववत नाही इतकं गरम. खाली सही, पूर्ण नावानिशी.

सकाळी साहेब म्हणाला, "हे कुणी लिहायला सांगितलं?"

म्हटलं, "कुणी नाही. हात मीच लावून बघितला."