आसीरच्या डोंगरात डबा लपवायला गेलो त्याची गोष्ट

बऱ्हाणपुरातल्या जुन्या वाड्यांच्या, शाळांच्या, तापीच्या पुराच्या आठवणी आपण सगळेच लिहितो. माझी आजची आठवण तशी ताजी आहे, गेल्याच्या गेल्या हिवाळ्यातली. पण तिचं मूळ १९८५ मध्ये आहे, म्हणून इथं चालेल असं वाटतं. जरा लांबली आहे, चहा घेऊन बसा.

माझा नातू मेलबर्नला असतो. वय पंधरा. मराठी सगळं समजतं, बोलतो तोडकं. डिसेंबर-जानेवारीत त्यांच्याकडे उन्हाळ्याची सुट्टी असते, तेव्हा मुलगा-सून त्याला घेऊन आले. आल्या दिवशी मावा जिलेबी झाली, दुसऱ्या दिवशी दराबा झाला, तिसऱ्या दिवशी पोरगं कंटाळलं. मोबाईल पुढे करून म्हणालं, "आबा, इथं जवळ एकपण कॅश नाही."

मी आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस. कॅश नाही म्हटल्यावर मला वाटलं एटीएमचं म्हणतोय. त्याचं म्हणणं वेगळंच होतं. जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे. कुणीतरी रानात, डोंगरात, पुलाखाली एक पाणी न शिरणारा डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी मोबाईल घेऊन तो हुडकायचा. डब्यात वही-पेन्सिल असते, तिच्यात नाव-तारीख लिहायची. आतली एखादी वस्तू घ्यायची असेल तर तेवढ्याच किंवा जास्त किमतीची वस्तू ठेवायची, आणि डबा होता तिथंच परत ठेवायचा. मला हे फार पटलं. जमा-खर्च बरोबर, रजिस्टरवर सही, आणि चावी कुणाकडेच नाही!

खेळाचा जन्मही गमतीचा आहे. उपग्रहावरून जागा दाखवणाऱ्या अमेरिकेच्या यंत्रणेत सामान्य लोकांसाठी मुद्दाम चूक घातलेली असायची, शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. मे २००० च्या पहिल्या तारखेला क्लिंटन सरकारनं ती चूक काढून टाकली. दोनच दिवसांनी, ३ मेला, ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं रानात एक बादली ठेवून तिचा पत्ता आकड्यांत जाहीर केला. आत पुस्तकं, एक गलोल, घेवड्याचा डबाबंद डबा असलं काहीबाही. आज जगभर असे लाखो डबे आहेत.

नातवानं मला आकडे वाचायला शिकवले, तेवढं मात्र मी झटकन शिकलो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. मिनिटाच्या पुढे तीन दशांश लिहितात, त्यातला शेवटचा आकडा एकानं बदलला की जमिनीवर जेमतेम दोन मीटर सरकतं. आपलं गाव २१ अंश १८ मिनिटांवर, असीरगड २१ अंश २८ मिनिटांवर. फरक १० मिनिटं, म्हणजे सरळ रेषेत साडेअठरा किलोमीटर. रस्त्यानं वीसेक. हिशेब तोंडी केला तर पोरगं चकित. म्हटलं, बाबा रे, आमच्या वेळी लेजरची बेरीज अशीच व्हायची.

मग ठरलं, की इथं डबा नाही तर आपणच लपवायचा. आधी त्याची नजर कुंडी भंडाऱ्यावर होती. १६१५ सालचं ते काम, सातपुड्याचं झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं गावाकडे आणलेलं, आणि वर शंभरावर कुंड्या ओळीनं. लिफ्टनं खाली उतरून गुडघाभर गार पाण्यात उभा राहिला तेव्हा या पोराची बडबड पहिल्यांदा थांबली. पण असल्या जागी डबा ठेवणं बरं नव्हे, जुनं बांधकाम आहे, कुणी दगड सरकवून बसायचं. असीरगडावरही नाही, तो पुरातत्त्व खात्याचा. वनखात्याच्या हद्दीतही नाही. खेळाचा नियमच आहे म्हणे, जमिनीच्या मालकाची परवानगी हवी. मी म्हटलं, मग एक शेत आहे माझ्या डोक्यात, मालक ओळखीचा आहे. म्हणजे होता.

ही गोष्ट हिलाही कधी सविस्तर सांगितली नव्हती, म्हणून इथं लिहितो.

१९८४-८५ मध्ये मी आमच्या शाखेत शेतीकर्जाचं काम बघायचो. आयआरडीपीचे दिवस होते. सकाळी राजदूत काढायची आणि डोंगराकडची गावं फिरायची. विहिरीचं कर्ज एकरकमी मिळत नसे, खोदाई जशी होईल तसा हप्ता सुटायचा. मी टेप घेऊन काठावर वाकून खोली मोजायचो. आसीरच्या अंगाला एका शेतकऱ्याची तीन एकर जमीन, सगळी बँकेकडे तारण. विहीर ३२ फुटांपर्यंत गेली आणि काळा खडक लागला. पाण्याचा पत्ता नाही. शाखेत मत पडलं, की आता पैसे सोडू नयेत, फाइल बंद करावी. मी काठावर तासभर बसलो. खडकाला एका बाजूनं ओल होती, मुठीत माती धरली तर गोळा होत होता. मी शेरा लिहिला, सुरुंग लावून अजून चार-पाच फूट जावं, उरलेली रक्कम द्यावी. रक्कम सुटली. तिसऱ्या आठवड्यात माझी बदली बस्तरला झाली. तेव्हा तेही मध्य प्रदेशातच होतं. फोन करायची सोय नव्हती, फाइल दुसऱ्याच्या टेबलावर गेली.

पाणी लागलं की नाही, हे मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं. लागलं नसेल तर त्या माणसाच्या डोक्यावर माझ्या शेऱ्यामुळे जास्तीचं कर्ज, आणि तारण जमीन. निवृत्तीनंतर बऱ्हाणपुरात परत आलो तेव्हा आसीरच्या बाजूनं कितीदा गेलो असेन, लग्नाला, इंदूरला. गाडी त्या फाट्यावर वळवली नाही कधी.

तर सकाळी सहाला निघालो. मी, नातू, मुलगा गाडी चालवायला. हिनं पोळ्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, वर मला काठी घ्यायला लावली. आधी गड केला, कारण असीरपाशी जाऊन गडावर न जाणं म्हणजे देवळात जाऊन चपलांपाशी बसणं. १६०१ मध्ये अकबरानं हा गड घेतला तो लढून कमी आणि वेढा घालून, फितवून जास्त. इंग्रजांनी १८१९ मध्ये शिंद्यांच्या किल्लेदाराकडून घेतला. हे सगळं सांगत मी दर वीस पायऱ्यांना थांबत होतो, म्हणजे दमलो असं दिसत नाही. वरच्या महादेवाला अश्वत्थामा रोज पहाटे फूल वाहून जातो, हे सांगितल्यावर पोरगं म्हणालं, "म्हणजे रोज तोच फर्स्ट टू फाइंड!" त्यांच्या खेळात डबा सगळ्यांत आधी शोधणाऱ्याला मोठा मान असतो.

तटावरून खाली बघितलं. मी फिरायचो तेव्हा हे रान दाट होतं, साग, सालई, अंजन. सालईच्या लाकडावर तर नेपानगरचा कागद कारखाना चालायचा. आता मध्ये मध्ये टक्कल पडल्यासारखं दिसतं. नेपानगरकडच्या तोडीच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील, त्यावर इथं जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. पण वरची झाडं गेली की खालच्या विहिरीचं काय होतं हे कळायला इंजिनिअर लागत नाही.

गडावरून उतरून फाट्याला वळलो तेव्हा नातवानं विचारलं, "कोऑर्डिनेट्स काय आहेत?"

"नाहीत."

"मग शोधायचं कसं?"

म्हटलं, चतुःसीमेनं. गहाणखतात जमिनीची चतुःसीमा लिहावीच लागते. इकडची कागदपत्रं हिंदीत, पण मजकूर मला पाठ होता. पूर्वेला नाला, पश्चिमेला शेजाऱ्याचं शेत, उत्तरेला सरकारी जंगल, दक्षिणेला गाडीवाट. पोरानं ते मोबाईलमध्ये टिपून घेतलं आणि म्हणालं, "आबा, यात आकडा एकपण नाही." खरंच नव्हता. आणि चारांपैकी तीन सीमा बदललेल्या निघाल्या. गाडीवाटेचा डांबरी रस्ता झालेला, शेजाऱ्याचं शेत विकून तिथं केळी उभी, जंगल एक शेत मागे सरकलेलं. नाला तेवढा शिल्लक, पण नाला लांबलचक असतो, त्यावरून एक शेत कसं ठरवणार?

मला आठवत होते ते दोन अंजन. विहिरीची जागा मी नेहमी त्यांच्यावरून धरायचो. नातू नाल्याच्या काठानं वर चढत गेला, मी मागे काठी टेकत. तूर उभी होती, कापसाची बोंडं फुटलेली, कुसळं मोज्यात. दोनदा चुकीच्या शेतात शिरलो, एकदा कुत्रं अंगावर आलं. मुलगा म्हणाला, "बाबा, ऊन चढलंय, जाऊ या." मी काही बोललो नाही. तेवढ्यात वरून हाक आली, "आबा, एकच झाड आहे. पण बाजूला कापलेलं खोड आहे. चालेल?"

चाललं. झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर विहिरीचा कठडा दिसला, दगडी, वर सिमेंट फासलेलं. मी लगेच पुढे गेलो नाही. आधी नातूच वाकला आणि त्यानं खडा टाकला. आवाज आला तो पाण्याचा.

मग मी गेलो. जानेवारी महिना, आणि पाणी असेल पंधरा-अठरा फुटांवर. पंपाचा पाईप खाली सोडलेला. पलीकडे दीड एकर गहू हिरवागार. मी कठड्यावर बसलो, मुलगा म्हणाला चेहरा पांढरा दिसतोय, पाणी प्या. त्याला काय सांगणार.

आवाज ऐकून शेतातून एक जण आला, चाळिशीचा. आधी त्याला वाटलं आम्ही जमीन बघायला आलोय, तो जरा ताठच होता. मी त्याच्या वडिलांचं नाव घेतलं, बँकेचं सांगितलं. त्यानं काही न बोलता घराकडे हाक मारली आणि त्याची आई आली, कमरेत वाकलेली. ती निमाडीत बोलली, मी मराठीत लिहितो. मला खालून वर बघून म्हणाली, "फटफटीवाले साहेब. टेपवाले." नवरा जाऊन नऊ वर्षं झाली म्हणाली. पाणी ३६ फुटांवर लागलं, त्या दिवशी गूळ वाटला होता, एक ढेप साहेबांसाठी बँकेत पाठवली तर साहेब बदलून गेलेले.

"आणि कर्ज?" मला राहवेना.

ती हसायला लागली. कर्ज सगळं फेडलं. शेवटचा हप्ता भरला आणि पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली. ज्यांनी भरलं नव्हतं त्यांचं माफ झालं. "ते मरेपर्यंत म्हणायचे, त्या टेपवाल्या साहेबांनी वेळेवर भरायची सवय लावली, नाहीतर माझेही सुटले असते. तुम्हाला शिव्या घालायचे. प्रेमानं हो."

मी काय बोलणार! मुलगा हसून हसून खाली बसला.

डबा लपवायचं काम नंतर झालं. डबा प्लॅस्टिकचा, चारी बाजूंनी कड्या लावायचा. नातवानं कोआलाची क्लिप टाकली, मी १९८५ सालचं एक रुपयाचं नाणं, ते मुद्दाम हुडकून नेलं होतं. म्हातारीनं मूठभर तुरीच्या शेंगा आणल्या. खायचं काही ठेवायचं नसतं, प्राणी वास काढत येतात, असं नातवानं तिला मराठी-हिंदी मिसळून समजावलं. तिला ते आवडलं नाही. पाहुणा इतक्या लांबून येणार आणि त्याला रिकामं पाठवायचं? शेवटी तिनं हातातली काचेची एक बांगडी काढून टाकली आणि शेंगा आमच्या पिशवीत गेल्या. खणायची परवानगी नसते, म्हणून कापलेल्या अंजनाच्या खोडाच्या ढोलीत डबा ठेवून पुढे दगड लावला. विहिरीपासून लांबच ठेवला, कुणी शोधताना काठावर वाकायला नको. वहीत पहिली सही शेतकऱ्याच्या मुलाची.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. आकडे साईटवर टाकायचे की नाही हे घरवाल्यांनी ठरवायचं होतं. मुलगा म्हणाला, येऊ देत कुणी जर्मनीहून. आई म्हणाली, आधी गहू निघू दे. तर अजून टाकलेले नाहीत.

गेल्या ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. पाऊस बरा झाला, पाणी कठड्याखाली आठ फुटांवर आलंय. सोबत फोटो. मी तो लगेच मेलबर्नला पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आलं, रोमन लिपीतलं मराठी: आबा, डबा कोरडा आहे ना, विचारा.